पाकीट आधी उघडा
घर आणि कर्ज : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

बँकेतल्या माझ्या नोकरीची शेवटची अकरा वर्षे वसुली विभागात गेली. ताब्याची नोटीस दारावर चिकटवायला मी स्वतः जात असे. खळ लावलेला कागद तळहाताने दाबताना वरच्या तोरणाची पाने मनगटाला लागायची, ते अजून आठवते. तेव्हा समोरच्या माणसाला सांगावेसे वाटायचे, पण खुर्चीमुळे सांगता यायचे नाही, ते आता या पानावर सांगते आहे. या महिन्यात आलेली पत्रे जवळपास एकाच काळजीची आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : ताई, २०१९ मध्ये आम्ही नाशिकला फ्लॅट घेतला. कर्ज २४ लाख, हप्ता २१ हजार २००. मिस्टर कारखान्यात होते, नोकरी गेली. चार हप्ते राहिले. आता बँकेची इंग्रजीत नोटीस आली आहे, ६० दिवसांत २१ लाख ७४ हजार भरा म्हणून. एवढे पैसे असते तर कर्ज कशाला काढले असते? साठाव्या दिवशी घर जाणार का? सासूबाईंना अजून काही सांगितलेले नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, साठाव्या दिवशी कुणी कुलूप घेऊन येत नाही. पण हे साठ दिवस तुमच्या हातातले सगळ्यात मोलाचे दिवस आहेत, आणि त्यातले किती गेले ते तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. पाकिटावरची तारीख आजच बघा.

ही नोटीस २००२ च्या सरफेसी कायद्याच्या, म्हणजे कोर्टात न जाता तारण घराचा ताबा घेऊन वसुली करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) ची आहे. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खाते एनपीएत, म्हणजे थकीत खात्यांच्या यादीत, जाते, आणि मग बँक थकलेले हप्ते न मागता सगळे कर्जच परत मागू शकते. म्हणून तो २१ लाख ७४ हजारांचा आकडा. तो बघून माणसाचे हातपाय गळतात. तुम्ही मात्र आधी दुसरा आकडा डोळ्यांसमोर ठेवा : चार हप्त्यांचे ८४ हजार ८००, अधिक त्यावरचे व्याज आणि दंड आकार. थकलेले सगळे भरले की खाते पुन्हा नियमित होते. सगळे, हा शब्द महत्त्वाचा. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्टच केले आहे की थकलेले मुद्दल आणि व्याज पूर्ण आल्याशिवाय खाते एनपीएतून बाहेर काढायचे नाही. पुष्कळ लोक दर महिन्याला एखादा हप्ता भरत राहतात आणि समजतात की आपण सावरतो आहोत. खाते तिथेच असते आणि कारवाई पुढे सरकत असते.

म्हणून शाखेत जाऊन लेखी विचारा : आजच्या तारखेला खाते नियमित करायला नेमके किती भरावे लागतील? तोंडी आकडा घेऊ नका. उताऱ्यावर दंड कसा लावला आहे तेही बघा. २०२४ पासून दंडव्याज लावायला मनाई आहे. दंड आकार घेता येतो, पण तो मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हे पैसे उभे करायला मिस्टरांचा पीएफ आहे का ते पाहा, सोने असेल तर ते. क्रेडिट कार्डावरून किंवा मोबाइलवरच्या झटपट कर्जातून मात्र हप्ता भरू नका. त्या वाटेने गेलेली घरे मी पाहिली आहेत, त्यांना दुप्पट वेगाने नोटीस आली.

त्याच वेळी नोटिशीला लेखी उत्तर द्या. कलम १३(३अ) तुम्हाला हा हक्क देते. नोकरी केव्हा गेली, आजवर किती वर्षे वेळेवर हप्ते भरले, आता महिन्याला किती जमेल, मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, हिशेबात काय चुकले आहे, सगळे मराठीत लिहिले तरी चालेल. पोच घ्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावेच लागते. २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला, पण कर्जदाराचे म्हणणे ऐकून, ते नाकारत असाल तर का नाकारता ते कळवा, हेही बजावले. माझ्या टेबलावर आलेल्या शंभर नोटिशींमागे असे उत्तर चार-पाच जणांचे यायचे. आणि ज्यांचे यायचे त्यांची फाइल वरिष्ठांकडे वेगळी जायची, हे मी अनुभवाने सांगते.

६० दिवस संपले आणि काहीच घडले नाही तर बँक ताब्याची नोटीस काढते. ती दारावर लागते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. शेजाऱ्यांना कळते ते तेव्हा. पण हा बहुधा कागदोपत्री ताबा असतो. तुम्ही घरातच असता. प्रत्यक्ष बाहेर काढायला बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्याय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत तुम्ही कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे, दाद मागू शकता. महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. त्यासाठी थकबाकीतली रक्कम आधी भरण्याची अट नाही. ती अट मार्डिया निकालातच रद्द झाली. दिवाणी न्यायालयात मात्र जाऊ नका, तिथे हा दावा चालतच नाही, आणि तिथल्या तारखांत ४५ दिवस निघून जातात.

आता मला जे सगळ्यात कळकळीने सांगायचे आहे ते. २०१६ पर्यंत घराची विक्री पूर्ण होईपर्यंत सगळी रक्कम भरून घर सोडवता येत होते. त्या वर्षी कायदा बदलला. आता लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्याआधीच पैसे भरावे लागतात. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले : सूचना प्रसिद्ध झाली की घर सोडवण्याचा हक्क संपला.

माझ्या नोकरीतले एक निवृत्त मुख्याध्यापक होते. मुलाच्या धंद्यासाठी घर तारण दिलेले. आम्ही पाठवलेली तीन रजिस्टर्ड पाकिटे त्यांनी सही करून घेतली होती, आणि तिन्ही देव्हाऱ्यामागे न फोडता ठेवली होती. ताब्याच्या दिवशी त्यांच्या पत्नीने ती काढून माझ्या हातात दिली. पाकिटांवर हळदीकुंकवाचे डाग होते. धाकट्या भावाला बातमी वर्तमानपत्रातल्या लिलावाच्या जाहिरातीवरून कळली. जाहिरातीनंतर अकराव्या दिवशी तो पूर्ण रकमेचा डिमांड ड्राफ्ट घेऊन शाखेत उभा राहिला. बँकेने तो घेतला नाही. पैसे होते, घेऊन येणारा सख्खा भाऊ होता, आणि फरक अकरा दिवसांचा होता. पहिलेच पाकीट फोडून भावाला फोन केला असता तर ते घर आज त्यांचे असते.

म्हणून सासूबाईंना आज सांगा. माहेरी, दिरांना, ज्यांना सांगायला जीभ रेटत नाही त्यांनाही सांगा. आणि सगळे करूनही घर पेलणार नाही असे दिसले तर ते तुम्ही स्वतः विका. नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही, पण गिऱ्हाईक घेऊन गेलात तर बँका बहुधा संमती देतात. तुम्ही निवांतपणे लावलेला भाव आणि लिलावातला भाव यांत फार अंतर पडते. लिलाव झालाच, तरी कर्ज आणि खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम तुमची असते. ती मागून घ्या, कुणी आपणहून घरी आणून देत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज तुमच्या नावाने करा.

प्रश्न : १० लाखांचे घरकर्ज होते, बहुतेक फिटले. आता १ लाख ३० हजार राहिले असताना आजारपणामुळे पाच हप्ते चुकले. वसुलीचा माणूस फोनवर म्हणतो, महिनाभरात घर सील करू. रात्री नऊलाही फोन येतो.
– एक निवृत्त वाचक, सोलापूर

उत्तर : राहिलेली रक्कम मुद्दल आणि व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी असेल तर सरफेसी कायदा लागूच होत नाही, कलम ३१ मध्ये तसे लिहिले आहे. बँक दुसऱ्या मार्गाने वसुली करू शकते, पण घर सील करण्याची ही धमकी पोकळ आहे. आणि सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. फोनची तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तब्येतीला जपा.

प्रश्न : चुलतभावाच्या कर्जाला मी पतसंस्थेत जामीन राहिलो. तो आता गावात नाही. माझ्या राहत्या घरावर जप्ती येईल असे पत्र आले आहे. पैसे मी घेतलेलेच नाहीत, तर माझे घर कसे जाईल?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दादा, जाऊ शकते. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदाराच्याच मागे लागावे असे कायदा सांगत नाही. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण खोटा धीर देऊन उपयोग नाही.

पतसंस्था ही बँक नाही, त्यामुळे वर सांगितलेला सरफेसी इथे नाही. सहकारी बँकांना तो लागू आहे, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तसे ठरवले. ती केसही आपल्याच भागातल्या, मुरगूडच्या सहकारी बँकेची होती. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला घेते आणि मग कलम १५६ खाली वसुली अधिकारी जप्तीला येतो. तुमचे पत्र नेमके कोणत्या टप्प्याचे आहे यावर सगळे अवलंबून आहे. दाखला अजून निघाला नसेल तर सुनावणीला स्वतः हजर राहा. कर्जाची मूळ कागदपत्रे मागा, चुलतभावाने भरलेल्या पावत्या जमा धरल्या आहेत का ते तपासा, सही तुमचीच आहे का तेही. पुष्कळ जामीनदार ‘आपला काय संबंध’ म्हणून सुनावणीला जात नाहीत आणि दाखला एकतर्फी निघतो. एकदा तो निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज, म्हणजे निर्णय पुन्हा तपासण्याचा अर्ज, करायला वसुलीच्या रकमेच्या निम्मे आधी भरावे लागतात, आणि तिथेच माणूस अडकतो. तुम्ही भरलेली प्रत्येक रक्कम चुलतभावाकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे, म्हणून पावती तुमच्या नावाची घ्या. संस्थेकडे एकरकमी परतफेडीची योजना चालू असेल तर तीही विचारा.

प्रश्न : मी स्वयंपाकाची कामे करते, नवरा रिक्षा चालवतो. दोघांचे मिळून महिना ४२ हजार. पुण्याच्या बाहेर ३१ लाखांचा फ्लॅट बघितला, २२ लाख कर्ज. बिल्डरचा माणूस म्हणतो, पंतप्रधान आवासचे २ लाख ६७ हजार लगेच खात्यात येतील, त्यासाठी १५ हजार द्या. द्यावेत का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. २ लाख ६७ हजारांचे व्याज अनुदान जुन्या योजनेत होते, आणि तुमच्या उत्पन्न गटासाठी ते मार्च २०२२ ला बंद झाले. आता सप्टेंबर २०२४ पासूनची शहरी योजना २.० आहे. त्यात घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत चालते, म्हणजे तुम्ही बसता. वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत हवे, तुमचे ५ लाख ४ हजार होते. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान, आणि जास्तीत जास्त मिळतात १ लाख ८० हजार. तेही एकदम येत नाहीत, पाच वार्षिक हप्त्यांत थेट कर्जखात्यात जमा होतात. कर्ज चालू असेल तरच.

म्हणजे वर्षाला ३६ हजार, महिन्याला ३ हजारांचा आधार, पाच वर्षे. मदत खरी आहे, आणि मिळते तर घ्यावीच. पण ती धरून हप्ता ठरवू नका. २२ लाखांचा हप्ता वीस वर्षांच्या मुदतीत साडेआठ टक्क्यांनी १९ हजारांच्या वर जातो. ४२ हजारांतून तो काढल्यावर सोसायटीचा मेंटेनन्स, मुलांची फी आणि रिक्षाची दुरुस्ती बसते का, हे एका वहीत तीन महिने खरेखुरे लिहून बघा. आधी १९ हजार दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकून बघा, जमते का. मी ज्यांच्या दारावर नोटिसा लावल्या त्यांच्यापैकी कितीतरी जणांचे घर विकत घेतानाच दोन-तीन हजारांनी पेलत नव्हते. तीन लाख कमी कर्ज लागेल असे घर बघा असे मी सांगेन, जरा आत असले तरी.

आणखी दोन गोष्टी. या योजनेत देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्के घर नको. नवऱ्याचे नाव गावच्या घराला लागले आहे का, ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर आधीच बघा. अर्ज बाद होण्याचे ते नेहमीचे कारण. आणि फ्लॅट एकट्या तुमच्या नावावर घेतलात तर महाराष्ट्रात स्त्रियांना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ३१ लाखांवर ३१ हजार वाचतात. नवऱ्याचे नाव जोडले की ही सवलत जाते, तेव्हा घरात बोलून ठरवा. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक घेतल्याशिवाय टोकन देऊ नका.

प्रश्न : शेतकऱ्यांसाठी कर्जमाफी होते, मोठ्या उद्योगांची कर्जे निर्लेखित होतात. नोकरी गेलेल्या माणसाचे घर वाचवायला सरकारकडे काहीच का नाही?
– एक तरुण वाचक, ठाणे

उत्तर : तुमचा राग मला पटतो. निर्लेखित म्हणजे माफ नव्हे, वसुली चालूच राहते, एवढी दुरुस्ती करते. पण मूळ मुद्दा खरा आहे. सरकारने आणि रिझर्व्ह बँकेने मनात आणले तर काय होऊ शकते ते आपण कोविडमध्ये पाहिले. मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलता आले, त्यानंतर दोन वर्षांपर्यंत मुदत वाढवून देणारी पुनर्रचना आली, आणि २ कोटींपर्यंतच्या कर्जांवर त्या काळात लागलेले व्याजावरचे व्याज सरकारने भरले. माझ्या शाखेतली किती घरे त्या सहा महिन्यांनी तगली हे मी जवळून पाहिले.

अमेरिकेत १९३३ मध्ये महामंदीत सरकारने खास महामंडळ काढून सुमारे १० लाख घरमालकांची थकलेली कर्जे स्वतःकडे घेतली आणि १५ वर्षांच्या सोप्या हप्त्यांत बांधून दिली. २००९ मध्ये तिथेच हप्ता उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणण्याची योजना होती. दोन्हींत दोष होते, सगळी घरे वाचली नाहीत. पण कल्पना साधी आणि बरोबर होती : ज्याचे उत्पन्न काही काळ थांबले आहे त्याला काही काळ द्यायचा.

आपल्याकडे ही सोय संकट देशावर आले तर मिळते. ते एका घरावर आले तर मिळत नाही. उलट, साध्या काळात बँकेने पुनर्रचना करून दिली की ते खाते एनपीएत दाखवावे लागते, म्हणून शाखाधिकारी हात आखडता घेतो. नोकरी गेल्याचा किंवा मोठ्या आजारपणाचा पुरावा देणाऱ्या राहत्या घराच्या कर्जदाराला आयुष्यात एकदा सहा महिन्यांची सवलत हक्काने मिळावी, आणि ६० दिवसांची नोटीस त्याच्या भाषेत असावी, ती फोडल्यावर पहिल्याच ओळीत खाते नियमित करण्याची रक्कम दिसावी, असे मला मनापासून वाटते. माफी मी मागणार नाही. वसुलीच्या टेबलावर बसून मी हे पाहिले आहे की बहुतेकांना कर्ज बुडवायचे नसते.

प्रश्न : शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाले. बँक म्हणते मूळ खरेदीखत मुंबईच्या कार्यालयात आहे, थांबा.
– एक वाचक, अकोला

उत्तर : आधी अभिनंदन! आता थांबू नका. डिसेंबर २०२३ पासूनचा नियम असा की कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत द्यायची, बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. हा नियम अर्जात लिहा आणि पोच घ्या. कागद मिळाले की कर्ज घेताना दिलेल्या यादीशी एकेक पान ताडून मगच सही करा. नंतर सोसायटीच्या दफ्तरातली बँकेच्या बोजाची नोंद कमी करून घ्या, ती राहिली की घर विकताना मुलांना त्रास होतो.